तातूंचे कान

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिला तर माझ्या पोटातलं सगळं काढून घेता येतं. तुला सांगतोय — का, ते विचारू नकोस. मलाच धड माहीत नाही.

लालबागला माझं गॅरेज आहे. लोक म्हणतात, गाडी कुठेच नीट होत नसेल तर विलासकडे न्या. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण हे काम मला शिकवलं तातू मेस्त्रींनी. आमच्या गावचे, मालवणकडचे. गॅरेज माझं झालं तरी ते रोज यायचे, आणि अडलेली गाडी त्यांच्याचकडे जायची. त्यांची पद्धत एकच. पंखा बंद करायचा, सगळ्यांना गप्प करायचं, हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं इंजिनाच्या अंगावरून हळूहळू फिरवायचं. कोणी हसलं की म्हणायचे, "इंजिन खोटा बोलणा नाय, ऐकणारो चुकता."

मग मी स्कॅनर घेतला. गाडीला वायर लावली की बिघाड स्क्रीनवर. काय ऐट होती रे माझी तेव्हा.

दादरच्या एक बाई गाडी घेऊन आल्या. शाळेत शिकवायच्या. पळताना गाडी ठीक, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, आणि एसी लावला की बंदच. परळच्या पुलावर दोनदा बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव खाल्ला. बाई अगदी रडकुंडीला आलेल्या. तातूंनी नळी फिरवली आणि एका जागी थांबले. म्हणाले, इंजिनाच्या मागच्या बाजूला हवेचा पाइप फुटलाय, बाहेरची हवा आत खेचतोय, म्हणून उभ्या गाडीत इंजिन मरतं. माझ्या स्क्रीनवर सेन्सरचं नाव होतं. मी बाईंसमोर, चारचौघांत बोललो — तातू, आता कानाचे दिवस गेले. त्यांनी नळी गुंडाळून ठेवली.

सेन्सर बदलला. दोन दिवसांत गाडी परत दारात, तीच थरथर.

इथवर ठीक आहे, माणूस चुकतो. पुढे जे केलं ते चूक नव्हे.

दुपारी तातू जेवायला घरी गेले होते. हवा कुठून आत जाते ते बघायला मी इंजिनामागे स्प्रे मारला, तर आवाज लगेच बदलला. हात घालून पाहिलं — पाइपला खालून चीर. नळी जिथे थांबली होती, बरोब्बर तिथे. दहा मिनिटांत नवा पाइप बसवला. जुना कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. गुंडाळला कशाला? कोणी बघू नये म्हणून. आणि तातूंशिवाय तो ओळखणार होतं कोण?

ते आले तेव्हा गाडी उभ्या जागी छान चालत होती.

"पाइपच होतो मां?" त्यांनी विचारलं.

"नाही तातू. वायरिंग होतं."

"माका सूंऽ असो आवाज येय होतो."

"भास झाला असेल. वय झालं आता तुमचं."

बघ — वायरिंगवर थांबता आलं असतं. वयाचं मी मुद्दाम बोललो.

तातू घाबरले. हो, घाबरलेच. त्याच आठवड्यात इस्पितळात जाऊन कान तपासून आले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. पण मला सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. म्हणाले, माणसाचं बोलणं ऐकू येतं एवढंच डॉक्टरांना कळणार, इंजिनाचं ऐकू येतं की नाही ते तुलाच कळतं. मी मान हलवली. नुसती मान हलवली रे. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, त्यांनी ती नळी माझ्या हातात दिली आणि यायचं बंद केलं. लोक म्हणाले, म्हातारा शहाणा, वेळेवर थांबला. मीही हो म्हणालो.

आणि संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं.

गेल्या महिन्यात त्यांच्या चाळीखाली एका शेजाऱ्याची गाडी अशीच थरथरत उभी होती. तातू ओट्यावर बसलेले. शेजाऱ्याने त्यांना विचारलं, तर म्हणाले, विलासला विचार, माझे कान गेले. मी दहा पावलांवर होतो. ती सूंऽ मला तिथूनच ऐकू आली. आणि तातूंची मान — ती त्या आवाजाकडे वळली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आवाज येता काय रे?"

एक 'हो' पुरे होतं. शेजारी काही माझं गॅरेज बंद करणार नव्हता.

"नाही तातू," मी म्हणालो, "काहीच येत नाही."

त्यांनी मान खाली घातली. मी गाडी गॅरेजला आणली, पाइप बदलला, शेजाऱ्याने माझी तारीफ केली. तातू अजून आहेत. माझ्या गॅरेजपासून चार मिनिटांवर राहतात.