पडदेवाल्याचा तंबू

माणूस पडदे शिवायचा. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं, आणि कुणी फारच गळ घातली तर गादीची खोळ. काम असं बिनचूक, की त्याच्या पडद्याला उजवीकडे जेवढ्या चुण्या तेवढ्याच डावीकडे निघायच्या. जुन्या गावात सगळे त्याला पडदेवालाच म्हणत. बायको लाडात आली की तीही तेच म्हणे आणि रागावली तरी तेच म्हणे. कोणत्या वेळी कोणतं, हे त्याला सुरावरून ओळखावं लागे.

बायको फिजिओथेरपिस्ट. तिला नव्या गावातल्या मोठ्या इस्पितळात जागा मिळाली आणि चौघांचं बिऱ्हाड हललं. चौघं म्हणजे ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. मुलगी प्रत्येक गोष्टीला 'पण का?' विचारायची, म्हणून घरात तिला वकिलीणबाई म्हणत. मुलगा गुंड्या. त्याला 'का' वगैरे काही पडत नसे, तो आधी करून मोकळा व्हायचा.

सामान ट्रकमधून आलं. शिलाई मशीन मात्र पडदेवाल्याने ट्रकमध्ये चढवू दिलं नाही. टॅक्सीत ते त्याच्या मांडीवर बसून आलं, आणि गुंड्या व वकिलीणबाई दोघंही बायकोच्या अंगावर.

"मशीनला नीट टेकू दे हं," बायको वाटेत म्हणाली, "मान अवघडायची त्याची."

"दिलाय," पडदेवाला म्हणाला. टोमणा त्याला पुढच्या चौकात कळला.

नवं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाल्कनीतून जवळच टेकड्या दिसायच्या आणि लांबवर तळ्याची चकचकीत पट्टी. बायकोने पहिल्याच सकाळी बाल्कनीत उभं राहून छाती भरून श्वास घेतला. पडदेवाल्याने त्याच दाराची रुंदी मोजली. आठवडा सरायच्या आत तिथे अस्तर लावलेला जाड पडदा लागला आणि टेकड्या, तळं, सगळं गडप झालं.

त्याचंही काही चुकत नव्हतं. ज्याने जन्मभर लोकांच्या घरात शिरणारं ऊन अडवलं, त्याला कुणी उन्हात जाऊन बस म्हटलं तर त्याने कोणत्या तोंडाने बसावं?

बायकोने मात्र ठरवून टाकलं होतं, की सुटीच्या दिवशी घरात बसायचं नाही. "आठवडाभर मी लोकांना चालवते," ती म्हणे, "आणि घरी येऊन बघते तर माझाच माणूस सकाळी ठेवला होता तिथेच. जाता येता तुझ्यावरूनही फडकं फिरवत जाऊ का?"

पहिल्या सुटीला टेकडी ठरली. पडदेवाल्याने बरोबर घडीची खुर्ची घेतली, छत्री घेतली, उशी घेतली आणि सुईदोरा घेतला.

"सुईदोरा का?" वकिलीणबाईंनी हरकत घेतली.

"बाहेर काय कधी फाटेल सांगता येत नाही."

पहिल्या वळणावर बरी सावली दिसली. तिथे त्याने खुर्ची उघडली, छत्री उघडली आणि म्हणाला, "तुम्ही या जाऊन वर. मी सामान सांभाळतो." सामान म्हणजे ती खुर्ची, आणि तिच्यावर तो स्वतःच बसला होता. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, टेकडीवर नवीन तिकीट बसवलंय. एक आजोबा अदबीने पुढे येऊन विचारू लागले, "वर जायला काही लागतं का हो?"

पडदेवाल्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "दम लागतो."

त्यानंतरच्या सुटीला तळ्यातली होडी झाली. एक वल्हं बायकोकडे, एक त्याच्याकडे. इस्पितळात धिप्पाड माणसांचे पाय उचलून उचलून बायकोच्या दंडात बळ आलेलं. त्यामुळे होडी पुढे जाईना, जागच्या जागी गोल फिरू लागली. गुंड्याला वाटलं, हाच खेळ आहे. तो टाळ्या पिटत राहिला. पडदेवाला मात्र अंगातल्या तरंगत्या जाकिटाच्या नाड्या पुन्हा पुन्हा आवळत होता. काठाला लागले तेव्हा त्या गाठी त्याच्या त्यालाच सुटेनात. घरी जाईपर्यंत तो जाकीट घालूनच बसतो की काय, अशी वेळ आली.

मग निघाला तंबूचा विषय. तळ्याकाठी एक मोकळं मैदान होतं. तिथे लोक सुटीत तंबू ठोकून राहायचे. बायकोने मनावर घेतलं आणि सगळ्यांना घेऊन दुकानात गेली. पडदेवाल्याने तिथल्या तंबूची शिवण दोन बोटांत धरली, डॉक्टर नाडी धरतो तशी, आणि मान हलवली.

"ही शिलाई म्हणायची? हे नुसतं टाचलंय. वाऱ्याने उसवेल."

"मग राहू दे," बायको म्हणाली. "चांगला तंबू शिवणारं कुणी मिळणं कठीणच म्हणा."

पडदेवाला गळाला लागला. "मी शिवतो," तो म्हणाला. बायकोने दुकानातल्या कंदिलांकडे बघत हसू गिळलं.

तंबू तयार व्हायला बरेच दिवस लागले, पण झाला तो असा की बघत राहावं. एक बाजू निळ्या पट्ट्यांची, दुसरी एका हॉटेलच्या उरलेल्या किरमिजी कापडाची, आणि मागची भिंत कुणाच्या तरी बाळाच्या खोलीतून वाचलेल्या पिवळ्या बदकांची. दोन खिडक्या, दोन्हींना चुण्यांचे छोटे पडदे. दाराला झालर. खांब म्हणून पडद्यांचेच पाइप. शिवण इतकी पक्की, की दोन्हीकडून ओढून बघताना पडदेवाला आणि बायको दोघंही सरकले, शिवण हलली नाही. फक्त एक झालं. तो तंबू उचलायला दोन माणसं लागायची.

मैदानावर तो उभा राहिला तेव्हा बघायला लोक जमले. शेजारच्या तंबूत एक काका आणि काकू होते. काका निवृत्त बसड्रायव्हर, त्यामुळे मैदानावरचे सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"झकास," ते म्हणाले. "सोफा मागून येतोय का?"

काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं. काकांनी मग खुंट्यांकडे पाहिलं. "या जरा खोल ठोका, आणि तिरक्या. इथला वारा अवचित सुटतो. आणि दोरीला ही अशी फूलगाठ नका मारू."

"फूलगाठ दिसायला बरी दिसते," पडदेवाला म्हणाला.

जेवण झालं. अंडी, पाव, केळी, सगळं गवतावर बसून. मग बायको मुलांना घेऊन पाण्याकाठी दगड गोळा करायला गेली. पडदेवाला आत शिरला. त्याने दाराचे हूक आतून एकूण एक लावले, खिडक्यांचे पडदे ओढले आणि उशीवर डोकं टेकलं. आत कसा छान अंधार झाला. इतक्या सुट्यांत पहिल्यांदा त्याला बाहेर येऊन बरं वाटलं, कारण आता तो बाहेर नव्हताच. लगेच घोरूही लागला.

वारा सुटला तो काकांनी सांगितला होता तसाच, अवचित. पहिल्या झोतात खुंट्या उपटल्या. दुसऱ्या झोतात फूलगाठी एकेक करून सुटल्या. दुसरा कुठला तंबू असता तर फाटून मोकळा झाला असता. हा फाटेना. त्याने पोटात वारा भरून घेतला, टम्म फुगला, आणि झालर फडकवत, बदकं मिरवत, गवताच्या उतारावरून मालकासकट तळ्याकडे निघाला. काकू हातातली किटली तशीच धरून बघत राहिल्या. गुंड्या धावत धावत म्हणाला, "बाबा चालला, बाबा चालला."

तंबू पाण्यात गेला आणि बसला. आतून आवाज आला, "बुडालो. अगं, मी बुडालो." कापड चारही बाजूंनी हलायला लागलं. दार कुठे आहे ते त्याला सापडेना, कारण दार त्याने असं शिवलं होतं की लावल्यावर उजेडाची रेघही आत येऊ नये.

बायको पाण्यात शिरली, दाराच्या झालरीखालून हात घालून चाचपत हूक काढले आणि पडदा बाजूला केला. आत पडदेवाला उशी छातीशी कवटाळून पाण्यात बसला होता.

"ऊठ," ती म्हणाली.

"मला पोहता येत नाही."

"उभं राहता येतं ना?"

तो उभा राहिला. पाणी गुडघ्याला लागत होतं.

मैदानभर जो हशा पिकला तो पिकला. ड्रायव्हरकाका तर खाली बसले आणि डोळे पुसायला लागले. खुद्द पडदेवालाही ओशाळून का होईना, हसला. हसल्या नाहीत त्या फक्त वकिलीणबाई. त्या काठावर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"बाबा, तुला पोहता येत नाही?"

"नाही."

"मग त्या दिवशी होडीत का बसलास?"

पडदेवाल्याने तुमानीचं पाणी पिळलं. "तुम्ही तिघं बसलात म्हणून," तो म्हणाला.

वकिलीणबाईंनी कमरेवरचे हात काढले आणि त्याच्या काखेतली ओली उशी स्वतःकडे घेतली.

ओला तंबू बाहेर काढायला पाच-सहा जण लागले. कुंपणावर तो वाळत घातला आणि त्याच्या आडोशाला पडदेवाला टॉवेल गुंडाळून बसला. बायकोने काकूंच्या किटलीतला चहा आणून दिला आणि शेजारी बसली. मग म्हणाली, "जुन्या गावात तू कोपऱ्यावर दोरा आणायला गेलास की तासाभराने यायचास. भेटेल त्याच्याशी बोलत. इथे कुणाशी बोललास?"

"गिऱ्हाईकं येतात की."

"गिऱ्हाईकं मापं सांगतात." तिने त्याच्या कपातला एक घोट घेतला. "माझ्याकडे खांदा आखडलेली माणसं येतात. म्हणतात, आता दुखत नाही, बरं आहे. हलवतच नाहीत, मग दुखेल कुठून?"

पडदेवाल्याने कप गवतावर ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या नोकरीसाठी आलो आपण. चांगली नोकरी आहे. त्यात मी इथे करमत नाही म्हणून रडगाणं गायचं, ते काय बरं दिसतं?"

"झालर नाहीये ती, बरी दिसायला. गायचं. मी ऐकलं असतं."

"मग आता ऐक," तो म्हणाला. "करमत नाही."

"ऐकलं," ती म्हणाली, आणि त्याच्या ओल्या डोक्यावर टॉवेल टाकून खसाखसा पुसायला लागली. गुंड्याला पुसायची तसंच.

पोहण्याचा निकाल वकिलीणबाईंनी घरी जायच्या वाटेवरच देऊन टाकला. त्यांना शिकायचंच होतं, बाबानेही त्यांच्याबरोबर शिकायचं. त्यावर अपील नव्हतं. म्हणून मग रविवारी सकाळी, नवशिक्यांच्या पोहण्याच्या तलावात, डझनभर चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत एक मिशीवाला माणूस काठाचा पाइप धरून पाय मारताना दिसू लागला. शिकवणारी मुलगी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. ती सगळ्यांना सारखंच दरडावायची.

"काका, पाइप सोडा."

"सोडतो, सोडतो."

"हे तुम्ही मागच्या रविवारी म्हणालात."

तरंगायला आधी वकिलीणबाई शिकल्या. मग त्यांनी बापाच्या पाठीखाली हात धरून त्याची शिकवणी घेतली. "बाबा, पोट सैल सोड."

"सैलच आहे गं ते."

"मग घाबरणं सोड."

हे मात्र त्याला जमायला वेळ लागला. नाकातोंडात पाणी गेलं, दोनदा तो शिकवणाऱ्या मुलीच्या गळ्यातली शिट्टीच धरून बसला. पण एका रविवारी कान पाण्याखाली गेले, सगळा गलका एकदम दूर झाला, आणि आपण कशालाही न धरता पडून आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. वर छताचा पत्रा, त्याच्या उघड्या झरोक्यांतून थेट तोंडावर येणारं ऊन. ते अडवावं असं त्याच्या मनातही आलं नाही. काठावरून बायको बघत होती. तिने गुंड्याला उचलून दाखवलं आणि का कोण जाणे, लगेच तोंड फिरवून पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

ड्रायव्हरकाका गुडघ्यासाठी त्याच तलावावर यायचे. पोहून झालं की दोघं फाटकाशी चहा प्यायचे. काकांमुळे त्याला न्हावी माहीत झाला, सायकल दुरुस्त करणारा माहीत झाला, आणि कोपऱ्यावरून दोरा आणायला पुन्हा तासभर लागू लागला. बायकोने त्याबद्दल कुरकुर करायला सुरुवात केली, तेव्हा घडी बसली असं समजायला हरकत नव्हती.

थंडी पडली तसा इस्पितळात कामाचा रेटा वाढला. एका रविवारी बायको पांघरूण डोक्यावर ओढून म्हणाली, "आज मी कुठेही येणार नाही. मला कुणी हलवू नका."

"आखडशील," पडदेवाला म्हणाला.

"आखडू दे."

तो मुलांना आवरून घेऊन निघाला. उन्हं चांगली वर आली तेव्हा तिचा फोन वाजला.

"आम्ही टेकडीच्या माथ्यावर पोचलो," तो धापा टाकत सांगत होता. "अगदी माथ्यावर. गुंड्या शेवटपर्यंत चालत आला."

"शाब्बास. खुर्ची नेली होतीस?"

"छे. पण एक विचारायचं होतं. आपली टेकडी ती, जिच्यावर पाण्याची टाकी आहे?"

"हो. का?"

फोनवर वारा घोंघावला. मागून वकिलीणबाईंचा आवाज आला, "मी खालीच सांगितलं होतं."

"काही नाही," पडदेवाला म्हणाला. "ती टाकी इथून फार छान दिसते."