गावित विरुद्ध नलावडे

हवालदार तुकाराम माने, गाव कराडच्या बाजूचं. हे नाव आधी लिहितो. आज मी सुरतला लिंबायतच्या खोलीत बसून चार ओळी लिहू शकतो ते त्यांच्यामुळे. पुढे ते सुभेदार होऊन पेन्शनवर आले, पण माझ्या तोंडात अजून माने हवालदारच बसलंय.

मंडळाच्या अंकासाठी फौजेतलं काहीतरी लिहा म्हणून पोरं बऱ्याच दिवसांपासून मागे लागली होती. मी टाळत होतो. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, लिहायची सवय नाही. शिवाय ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्या घरच्यांना एखादा शब्द लागला तर काय, ही धास्ती असते. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली.

कडोदऱ्याला एका लूमच्या कारखान्याच्या गेटवर मी सिक्युरिटीला आहे. जेवणाच्या सुट्टीत दोन कारागीर माझ्या केबिनच्या सावलीला डबा खायला बसतात. दोघं आमच्याच खानदेशची. त्या दिवशी मोबाइलवर बॉक्सिंग चाललं होतं. एक चॅम्पियन जुन्या काळचा, एक आत्ताचा. दोघं आपापल्या ऐन उमेदीत समोरासमोर आले तर कोण जिंकेल, यावर भाजी गार झाली तरी वाद संपेना.

"जुन्याचं काय घेऊन बसला? दोन राउंडमध्ये खलास."

"अरे जा ना! तुना हिरो नुसता पळस."

"त्याला फूटवर्क म्हणतात, अडाणी."

"फौजी काका, तुमले काय वाटस? सांगा बरं."

मी म्हणालो, "डबा संपवा, टाइम झाला." दोघं हसले. पण मला पुढे दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

माझी इन्फन्ट्री. त्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तरेला, उंचावर होती. बेस खाली नाल्याजवळ, त्याच्या वर मधली चौकी आणि सगळ्यात वर आमची. आमच्या चौकीवर चौघं असायचो. मी सेट सांभाळायचो, म्हणजे रेडिओ. दर तासाला बेसला रिपोर्ट द्यायचा. बेसच्या सेटवर बहुतेक वेळा माने हवालदार असायचे.

आमच्या चौघांत लान्स नायक किसन गावित होता. नवापूरकडचा, बुटका, मानेने जाड. बटालियनचा बॉक्सिंग चॅम्पियन. रिंगमध्ये आत घुसून बरगड्यांवर मारायचा आणि बाहेर आला की ज्याला मारलं त्यालाच पाणी विचारायचा. चौकीवर बर्फ भरून आणायचं काम तो कुणाला करू देत नसे. बर्फ वितळवूनच पाणी मिळायचं, आणि जेरीकॅन घेऊन चढण्यात आपला दम वाढतो असं त्याचं म्हणणं.

किसनच्या आधी बटालियनचं नाव गाजवलं ते सुभेदार नलावडे यांनी. आम्ही भरती व्हायच्या आधीच ते पेन्शनवर गेले. उंच, डावखुरे, हात लांब, आणि समोरच्याला लांबच ठेवणारा सरळ ठोसा, म्हणजे जॅब. माने हवालदार त्यांच्याच हाताखाली बॉक्सिंग शिकले. त्यांना उस्ताद म्हणताना ते स्वतःचा कान धरायचे.

तर कंपनीचा कायमचा वाद हा होता. दोघं आपापल्या पंचविशीत, वजन सारखं, तीन राउंड. गावित की नलावडे? कुक हाऊसमध्ये, रांगेत, बंकरमध्ये, सगळीकडे तेच. आमची वरची चौकी गावितच्या बाजूने. बेसवर मानेंचं राज्य. रिपोर्ट संपला की सेटवरून दोन वाक्यं तरी व्हायचीच. नियमात ते बसत नव्हतं, पण साहेब लोक कानाडोळा करायचे.

"तुझ्या गावितला उस्तादांच्या जॅबच्या आत यायला पुढचा जन्म घ्यावा लागेल. ओव्हर."

"हवालदार, तो जॅबच्या खालून येतो. ओव्हर."

"खालून येऊ दे. खाली अप्परकट ठेवलाय. आउट."

माने कधी एक पॉइंटसुद्धा सोडत नसत. साहेबांनी एकदा गंमत म्हणून 'ड्रॉ समजा' म्हटलं तर सावधान होऊन म्हणाले, "साब, ड्रॉ नहीं होगा."

हे चालू असताना किसन बूट पुसत बसायचा आणि हसायचा.

त्या दिवशी सकाळी दोघं जण मधल्या चौकीवर रेशन आणायला गेले. वर किसन आणि मी. मी सेटची बॅटरी बदलली, दहाचा रिपोर्ट दिला. किसन जेरीकॅन घेऊन बाहेर पडला. दारातून म्हणाला, "चहा टाक, आलोच." मी स्टोव्हला पंप मारत होतो. आधी जमीन हलल्यासारखी वाटली, मग कानात दडा बसला. नंतर अंधार.

शुद्ध आली तेव्हा छताची एक बल्ली माझ्या पायांवर होती. छातीसमोर थोडी पोकळी राहिली होती, तेवढीच हवा. सेट पोटाशी होता. एरियल वाकली होती, तुटली नव्हती. बटण दाबून मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. मानेंचा आवाज आला.

"ऐकतोय. ॲव्हलांच आलाय, वरचा बर्फ कोसळलाय. मधल्या चौकीवरून पार्टी निघाली. तू कुठं आहेस? ओव्हर."

"बंकरमध्ये. पाय अडकलेत. किसन बाहेर होता. ओव्हर."

मग, "शोधतायत. तू झोपायचं नाहीस. समजलं? ओव्हर."

थंडीत झोप येते ती फार चांगली वाटते. दुखणं थांबतं. मला आमच्या साक्रीकडच्या घरची ओटी दिसायला लागली. मानेंनी दोनदा हाक मारली, मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी हाक मारली नाही. ते म्हणाले, "पहिला राउंड. उस्ताद मध्यभागी. तुझा गावित दोरीला टेकलाय, घाबरलाय. ओव्हर."

मी बटण दाबलं. "घाबरला नाही. वाट बघतोय. ओव्हर."

"कशाची? एसटीची? ओव्हर."

मला राग आला. रागात मी बोलत राहिलो. किसनने डोकं खाली घातलं, आत घुसला, बरगडीवर दोन दिले. माने ते पॉइंट मोजायलाच तयार नव्हते. म्हणे ग्लव्हज उघडे होते, मूठ बंद नव्हती. एक राउंड त्यांनी इतका लांबवला की खरा पंच असता तर हाकलून दिला असता. घंटाच वाजेना. मध्येच रिंगचा दोर सुटला म्हणून लढत थांबवली, मला दोर बांधायला लावला, कुठल्या गाठीने बांधला ते विचारलं. माझी जीभ जड झाली की नलावडेंचा जॅब सुरू व्हायचा. मग मला किसनच्या बाजूने बोलावंच लागायचं. बेसवरची सगळी कंपनी सेटभोवती उभी होती, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या राउंडमध्ये मी म्हणालो, "किसनचा उजवा. हनुवटीवर. ओव्हर."

नुसती खरखर.

"हवालदार, उजवा बसला. ओव्हर."

मग मानेंचा आवाज आला, अगदी हळू. "बसला. उस्ताद खाली. गावित जिंकला. ओव्हर."

तेव्हा मला कळलं, की पार्टीला किसन सापडलाय, आणि कसा सापडलाय.

माने म्हणाले, "आता तू उतर रिंगमध्ये. समोर मी. आणि मी कुणाला सोडत नाही, माहितीये ना? ओव्हर." आम्ही ती लढत चालू ठेवली. फावड्याचा आवाज डोक्यावर आला तोवर त्यांनी मला बऱ्याच वेळा पाडलं होतं आणि दर वेळी दहा म्हणायच्या आत उठवलं होतं.

माझ्या उजव्या पायाची दोन बोटं गेली. बाकी मी पूर्ण आहे. लान्स नायक किसन गावित त्याच्या गावी तिरंग्यात पोचला. गावाबाहेर त्याच्या नावाचा दगड आहे. सुट्टी मिळाली की उधन्याहून गाडी पकडून मी नवापूरला उतरतो, तिथून पुढे रिक्षाने जातो. त्याची आई नागलीची भाकरी करते, समोर बसवून वाढते आणि मी पुरे म्हटलं तरी थांबत नाही.

नंतर कंपनीत नवीन पोरं आली, त्यांनी वाद पुन्हा काढला, तर माने म्हणायचे, "निकाल लागलाय." आणि उठून जायचे. ज्या उस्तादांचं नाव घेताना कान धरायचे, त्यांना त्यांनी सगळ्या कंपनीच्या कानावर पडेल असं हरवलं, आणि तो निकाल पुन्हा कधी फिरवला नाही.

एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. किसनने एकदा आम्ही दोघंच असताना म्हटलं होतं, "नलावडे उस्तादच जिंकतील रे. मी त्यांच्या लढतीची फिल्म पाहिलीये. पण तू हे खाली सांगू नकोस, माने डोक्यावर बसतील."

माने हवालदारांचे गुडघे आता गेलेत, गाव सोडून ते कुठे जात नाहीत. फोनवर तब्येत विचारतात, सुरतच्या उन्हाला नावं ठेवतात, फोन ठेवतात. सेठकडे सुट्टीचा अर्ज दोनदा मागे पडला. पण मी जाणार आहे. त्यांच्या अंगणात बसून ती लढत पहिल्या राउंडपासून लावणार आहे, आणि किसनचं म्हणणं सांगून त्यांचे उस्ताद त्यांना परत देणार आहे.