सुरक्षित कामगार

माझा नवरा पेठ वडगावच्या पुढं एका दगडाच्या खाणीत ड्रिल मशीन चालवायचा. दगडाला भोक पाडताना पाणी मारायचं, म्हणजे धूळ उडत नाही, असा सरकारचा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पाण्याचा टँकर मात्र ज्या दिवशी तपासणीला सरकारी साहेबांची गाडी यायची त्याच सकाळी यायचा. बाकी वर्षभर नवरा घरी यायचा तो पापण्यांपर्यंत राखाडी होऊन.

खाण सुरक्षा सप्ताहात त्याला 'सुरक्षित कामगार' म्हणून निवडलं. इतक्या वर्षांत त्याचा हात तुटला नव्हता की पाय मोडला नव्हता, एवढीच त्याची लायकी. खोकून खोकून तो अर्धा झाला होता, पण खोकला अपघातात धरत नाहीत.

नाव पुकारलं. स्टेजवर चढताना त्याला धाप लागली आणि तो मधल्याच पायरीवर बसला. साहेब माईकवरून म्हणाले, "बघा, आपला कामगार किती गहिवरून गेलाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांतून उठून पुढं गेले.

"गहिवर न्हाय सायेब, दम लागलाय. धूळ गेलीया छातीत."

"ताई, त्यासाठी शासनाची योजना आहे," साहेब माईक न सोडता म्हणाले. "ऑफिसला या."

गेले. जाण्याआधी सरकारी दवाखान्यात दाखवलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बघून सांगितलं, फुप्फुसं दगडाच्या धुळीनं कडक झालीत, आता ती सुधारणार नाहीत. साहेबांनी तोच एक्स-रे खिडकीकडं धरला, साडीचा पोत बघावा तसा.

"खाणीत पाणी मारतात ना? मग धूळ येईल कुठून?"

"आत्ता चला माझ्यासंगं. कुणाला न सांगता."

"न सांगता जाता येत नाही, बाई. पद्धत असते."

ताईची मी बाई झाले होते. माणूस अडाणी असता तर सोडून दिलं असतं. पण त्याला सगळं ठाऊक होतं. चहा गार व्हायच्या आत मला घालवायचं, एवढीच त्याला घाई.

नवरा उन्हाळ्यात गेला. शेवटी शेवटी त्याला आडवं होता येईना, मांडीवरच्या उशीवर कपाळ टेकून बसायचा. भरपाईचा अर्ज अजून 'विचाराधीन' आहे.

मी हुपरीला एका घरात पैंजणाला घुंगरं जोडायचं काम धरलं. पुढच्या सुरक्षा सप्ताहाआधी तिथंच साहेबांच्या ऑफिसातून फोन आला. वारलेल्या कामगारांना श्रद्धांजली वाहायची होती, नवऱ्याचा फोटो हवा होता.

"हेल्मेट घातलेला असला तर बरं," पलीकडचा म्हणाला.

"फोटो हाय," मी म्हटलं, "पण तुमास्नी द्यायचा न्हाय."

शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "कोण हुतं गं?"

"कोण न्हाय," म्हटलं आणि पुढचं घुंगरू उचललं.