आता बोट कुठे ठेवू?

मी जे लिहितो ते कुणी आवडीने वाचत नाही. अडलं की वाचतात, चिडून वाचतात आणि काम झालं की बंद करतात. सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची पानं लिहिणं हा माझा धंदा. गेली बरीच वर्षं एकाच सॉफ्टवेअरची पानं लिहितोय. दहावीस जण एकाच कामावर आपापल्या कॉम्प्युटरपुढे बसलेले असतात, प्रत्येकाकडे त्या कामाची एकेक प्रत असते आणि कुणी कधी काय बदललं याची नोंद हे सॉफ्टवेअर ठेवतं. आपला बदल सगळ्यांच्या सामाईक प्रतीत पाठवायचा, दुसऱ्यांचे बदल आपल्याकडे उतरवून घ्यायचे, एवढाच त्याचा कारभार. सांगायला सोपा आहे. लिहायला बसलं की घाम फुटतो.

पुण्यात होतो तेव्हा माझी पहिली वाचक बायको होती. ती शाळेत मराठी शिकवायची. पान इंग्रजीत असायचं, मी ते तिला मराठीत वाचून दाखवायचो आणि ती पोळ्या लाटत ऐकायची. कॉम्प्युटरशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. पण मध्येच लाटणं थांबायचं आणि ती म्हणायची, "थांबा. आता मी बोट कुठे ठेवू?"

मला राग यायचा. एवढं साधं कळत नाही का, असं मी तिला दोन-तीनदा बोललोही आहे. ती शांतपणे पुन्हा तेच विचारायची. मग मी मुकाट्याने ती ओळ दुरुस्त करायचो आणि त्या पानाबद्दल एकही तक्रार यायची नाही.

ती जाऊन तीन वर्षं झाली. आम्हाला मूलबाळ नाही. पुण्यातलं घर खायला उठायला लागलं तेव्हा मी आमच्या गावी, पिंपरी पेंढारला आलो, शेतातल्या दोन खोल्यांत. बांधापलीकडे थोरल्या भावाचं घर आहे. दादा आणि वहिनी माणसं चांगली, पण त्यांचा दिवस शेतात जातो आणि दिवस मावळला की उसातल्या बिबट्याच्या धास्तीने जो तो आपली कडी लावून घेतो. सुरुवातीला वहिनी जेवायला बोलवायच्या. मी चार-पाच वेळा काम आहे म्हणून टाळलं, मग त्यांनी बोलवणं सोडलं. त्यात त्यांची काही चूक नाही. मी आपल्यापुरता भात लावतो आणि लॅपटॉपसमोर बसून खातो.

या तीन वर्षांत माझी पानं बिघडली. मला ते कळत होतं, कबूल करवत नव्हतं. वाक्यं शुद्ध, क्रम बरोबर, तरी पानाखाली लोक लिहून जायचे की समजलं नाही. नीट वाचत नाहीत लेकाचे, असं म्हणून मी मोकळा व्हायचो. मग एके दिवशी ऑफिसातून फोन आला. आपला बदल पाठवताना सॉफ्टवेअर अडवतं तेव्हा काय करायचं, हे माझं पान वाचून नव्याने लागलेल्या एका माणसाने जोर लावून, म्हणजे दुसऱ्यांचे बदल न बघता, पाठवायचा पर्याय वापरला होता, आणि त्याच्या सोबतच्या बाईंचं दोन दिवसांचं काम सामाईक प्रतीतून पुसलं गेलं होतं. ते परत जुळवताना त्यांच्या नाकीनऊ आले. आधी दुसऱ्यांचे बदल उतरवून घ्या, हे मी लिहिलं होतं की. पानाच्या तळाशी, चौकटीत, टीप म्हणून.

आमचे साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि बोलायला नम्र. ते म्हणाले, हे पान आणखी एकदा लिहून बघा, नाहीच जमलं तर ही सगळी पानं दुसऱ्या कुणाकडे देऊ. मी बरं म्हटलं. पोटाची मला काळजी नव्हती. पण तिच्याबरोबर बसून जे करायचो त्यातलं हे एकच काम माझ्याकडे उरलं होतं, आणि तेही आता जाणार होतं.

चार दिवस त्या पानाशी झटापट केली. पाचव्या दिवशी सकाळी माझी पाण्याची पाळी होती. विहीर दोघा भावांत सामाईक आहे आणि मोटरला मोबाईलवरून चालू होणारा स्टार्टर बसवलाय. लाईट आली तशी मी खुर्चीतून न उठता फोनवरून मोटर चालू केली आणि पुन्हा पानात डोकं घातलं. थोड्या वेळाने बांधापलीकडून वहिनींच्या हाका ऐकू आल्या.

दादाने आदल्या संध्याकाळी पाइपचा एक जॉइंट नव्याने चिकटवून वाळायला ठेवला होता. तो सुटला होता. पाणी कांद्याच्या रोपात शिरलं होतं आणि महिनाभर जपलेले वाफे चिखल होऊन उताराला लागले होते.

दादा ओरडला नाही. त्याने मला दंडाला धरून विहिरीवर नेलं आणि स्टार्टरच्या पेटीसमोर उभं केलं. पेटीच्या कडीला उसाचं पाचट गाठ मारून बांधलेलं होतं. ही आमच्या वडिलांच्या वेळची पद्धत. पाइपलाइनवर काम चालू असेल तर ज्याचं काम त्याने कडीला पाचट बांधायचं. ते दिसलं की बाकीच्यांनी मोटरला हात लावायचा नाही, आणि ज्याने बांधलं त्यानेच ते सोडायचं. मला हे लहानपणापासून माहीत होतं.

"म्या बांधलं व्हतं," दादा म्हणाला. "पर तू हितं आलाच न्हाईस."

पुढचे दोन दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. दादाबरोबर वाफे पुन्हा बांधले, नवं बी टाकलं. वाकून कंबर मोडत होती आणि डोक्यात ती गाठच होती. गाठ बरोबर होती, पण मी ज्या वाटेने आलो त्या वाटेवर ती नव्हतीच. माझ्या पानाच्या तळाची टीपही बरोबर होती. वाचणारा घाईत वरच्या पर्यायावरूनच निघून गेला होता, जसा मी फोनवरून. तीन वर्षं मी लोकांना दोष देत होतो, त्याची मला त्या वाफ्यात लाज वाटली.

घरी येऊन ती टीप उचलली आणि पानाची पहिली पायरी केली. जोर लावायचा पर्याय पानातूनच काढून टाकला. पण आता पान नीट झालंय का, हे विचारणार कुणाला? शेवटी दादाकडे गेलो. आधी वाचून दाखवलं, तर तो प्रत्येक ओळीला हं म्हणाला. आमच्याकडे कुणी बोलत असलं की हं म्हणायची रीत आहे, त्याचा समजण्याशी संबंध नसतो. मग मी त्या सॉफ्टवेअरमध्ये पाण्याच्या पाळ्यांची एक यादी केली, तिची एक प्रत त्याची आणि एक माझी. पानातल्या पायऱ्या मराठीत कागदावर उतरवल्या आणि लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

दादाने चष्मा लावला. पहिली ओळ जमली, दुसरी जमली. तिसरी होती, सामाईक प्रतीतले बदल आपल्याकडे उतरवून घ्या. त्याचं मातीने चिरलेलं बोट लॅपटॉपवर अधांतरी थांबलं. तो एकदा कागदाकडे, एकदा पडद्याकडे बघू लागला. सांगून टाकावंसं वाटत होतं, पण मी ओठ मिटून घेतले.

"बोट कुठं ठिवायचं त्ये न्हाई लिवलं हितं," तो म्हणाला.

मी उठून अंगणात गेलो. तिचं हे वाक्य मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांना वाटलं डोळ्यात काही गेलं असेल. मीही तसंच सांगितलं.

आत येऊन ती ओळ बदलली, मग आणखी दोन बदलल्या. दादा शेवटपर्यंत पोचला. एका ठिकाणी सोमवारची पाळी त्याने त्याच्या प्रतीत आपल्या नावावर लिहिली होती आणि मी माझ्या प्रतीत माझ्या. तिथे सॉफ्टवेअर थांबलं आणि कुणाचं ठेवायचं ते विचारू लागलं. दादा माझ्याकडे बघून हसला.

"ह्ये बरंय," तो म्हणाला. "इच्यारतंय तरी."

पान ऑफिसला पाठवलं, ते लोकांपर्यंत गेलं. एक आठवडा झाला, मग महिना झाला, पानाखाली कुणी काही लिहिलं नाही. आमच्या धंद्यात हीच शाबासकी. साहेबांचा दोन ओळींचा मेल आला की पानं माझ्याकडेच राहतील.

त्या दिवशी मी भात लावला आणि तो होईपर्यंत ओट्यापाशी उभं राहून ते पान मोठ्याने वाचलं, पूर्वीसारखं, मराठीत. सवयीने प्रत्येक ओळीनंतर थोडा थांबत होतो. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. बोट कुठे ठेवायचं ते सगळीकडे लिहिलेलं होतं. तिने मला अडवावं अशी एकही जागा मी त्या पानात शिल्लक ठेवली नव्हती.