‘घर का सोडणार नाही, ते सांगा’ म्हणणाऱ्या शैलाताई

शैलाताईंची आणि माझी पहिली भेट मंडळाच्या गणपतीत झाली. नागपूरहून इंग्लंडमधल्या स्लाऊला येऊन मला थोडेच महिने झाले होते. प्रसादाच्या रांगेत नवा चेहरा दिसला की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ शैलाताईंनी माझ्या हातावर मोदक ठेवला आणि विचारले,

“कितव्या मजल्यावर राहता?”

“दुसऱ्या.”

“रस्ता नदीकडे उतरतो की चढतो?”

“चढतो, बहुतेक.”

“उत्तम. म्हणजे तुम्ही उपयोगाचे आहात.”

नाव त्यांनी त्यानंतर विचारले. मूळ गाव तर आजतागायत विचारलेले नाही.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी जरा घाबरलो. गौरवलेखात माणसाला इतके हार पडतात की चेहरा दिसेनासा होतो. म्हणून मी स्वतः पाहिले तेवढेच लिहायचे ठरवले आहे. मी रोज डायरी लिहितो, तरी तिच्यावरही माझा पूर्ण विश्वास नाही. लिहिणाऱ्याला आवडेल तेच बऱ्याचदा तिच्यात उतरते. शिवाय शैलाताई हुकूम सोडतात, समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देत नाहीत आणि देवापुढच्या निरांजनाजवळ पडदा दिसला तर यजमानाला न विचारता तो बांधून टाकतात, हेही आधीच सांगून मोकळा होतो.

नोकरीची सारी वर्षे त्यांनी कौन्सिलमध्ये इमर्जन्सी प्लॅनिंगचे काम केले. पूर, वादळ, उन्हाळ्यातली उष्णतेची लाट अशा वेळी लोकांना कुठे न्यायचे, कसे न्यायचे, काय खायला घालायचे, हे आधीच ठरवून ठेवायचे काम. निवृत्तीनंतर त्या थेम्सकाठच्या खालच्या रस्त्यासाठी फ्लड वॉर्डन, म्हणजे पुराआधी लोकांना घराबाहेर काढणाऱ्या स्वयंसेविका, झाल्या. पगार नाही, फक्त एक पिवळे जाकीट. त्या रस्त्यावर आपली बरीच मराठी घरे आहेत. काही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आलेल्यांची, काही माझ्यासारख्या व्हिसावाल्यांची. शैलाताईंनी मलाही मदतीला ओढले, कारण पाणी पोचणार नाही अशा घरात राहणारा मी ‘उपयोगाचा’ होतो.

त्यांची कामाची पद्धत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. इतर वॉर्डन पत्रके वाटत. शैलाताई घरात जाऊन बसत आणि विचारत, “पूर आला, मी न्यायला आले, तर तुम्ही घर का सोडणार नाही, ते सांगा.” सुरुवातीला लोक हसत. मग खरी उत्तरे येत. कुणाची मांजर, कुणाचा फ्रीजर भरून मटण, कुणाचा नवरा. “हे मॅच संपल्याशिवाय उठणार नाहीत,” एका वहिनींनी सांगितले. शैलाताईंनी गंभीरपणे त्या नवऱ्याच्या फोनवर मॅच लावून दिली आणि म्हणाल्या, “हं, आता चालत चालत बघा.”

आमचा पहिला सराव मात्र सपशेल फसला. उन्हाळ्यातला छान शनिवार होता. प्रत्येक घरातून माणसे बाहेर काढून लेजर सेंटरपर्यंत, म्हणजे पुरात आसऱ्यासाठी ठरलेल्या क्रीडासंकुलापर्यंत, न्यायची होती. पहिल्याच घरी काकू म्हणाल्या, “आलात तशा जाणार? चहा तरी घ्या.” दुसऱ्या घरी चहाबरोबर पोहे होते. तिसऱ्या घरातले लोक तयार होऊन दारात आले, पण दारात आल्यावर आपल्याकडे खऱ्या गप्पा सुरू होतात. संध्याकाळ झाली तरी आम्ही निम्मा रस्तासुद्धा ओलांडला नव्हता. लेजर सेंटरचा मॅनेजर कॉलिन रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून होता. ‘शैला’ म्हणणे त्याला कधी जमले नाही. त्याने फोन केला, “शीला, व्हेअर आर युअर फ्लड व्हिक्टिम्स?”

“हॅविंग टी,” शैलाताई म्हणाल्या.

दुसरा कुणी वैतागला असता. शैलाताई घरी जाताना स्वतःशीच हसत होत्या. पुढच्या सरावाला त्यांनी एकच फरक केला. चहाचे मोठे भांडे, आले, वेलची आणि त्या पोहेवाल्या वहिनींना आधीच लेजर सेंटरवर पाठवले आणि प्रत्येक दारात सांगितले, “चहा तिकडे आहे.” सगळा रस्ता इतक्या लवकर रिकामा झाला की कॉलिन खुर्च्या मांडायला धावला.

मात्र एका घराचे उत्तर चहाने सुटणारे नव्हते. ते प्रमिलाआजींचे घर. आजी पंचाऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा एडिनबरात हॉस्पिटलमध्ये नोकरीला. गुडघ्यांमुळे त्या वर चढत नसत. झोपणे, देवघर, सगळे खालच्याच खोलीत. म्हणजे पाणी आले तर सर्वांत आधी त्यांच्या पलंगापाशी येणार. त्यांनी शैलाताईंना सांगितले, “एरवी केव्हाही ये, मी निघेन. नवरात्रात नाही. घट बसले की घर रिकामं ठेवायचं नाही आणि नंदादीप विझू द्यायचा नाही. आमच्यात चालत नाही.”

मला वाटले, आता समजावणे सुरू होईल. जिवापेक्षा का रीत मोठी, वगैरे. मी तेच म्हणालो असतो. शैलाताईंनी विचारले, “आजी, तुमच्या घरात पूर्वी कधी घट हलवायला लागले होते का?”

आजी विचारात पडल्या. मग त्यांना आठवले. त्यांच्या सासूबाईंच्या काळी छप्पर गळायला लागले, तेव्हा घट शेजारच्या घरी नेले होते. “अक्षता वाहून देवीला सांगितलं, चल. ज्योत तेवढी विझू दिली नाही.”

“मग झालं तर,” शैलाताई म्हणाल्या. “आपणही तसंच करू.”

लेजर सेंटरमध्ये उघडी ज्योत चालत नाही. मी म्हटले, कॉलिनला विनंती करू. “तो नियम मीच लिहिलाय,” त्या म्हणाल्या, “आणि बरोबर लिहिलाय.” म्हणून घट, ज्योत आणि आजी या तिघांची सोय आमच्या दुसऱ्या मजल्यावर करायची ठरली. तिथे लिफ्ट होती. माझी बायको केतकी म्हणाली, “देवी येणार असेल तर पडदे धुवायला हवेत.” शैलाताई म्हणाल्या, “धू आणि बांधून ठेव.”

पुढच्याच ऑक्टोबरात, पाचव्या माळेला, नदीला पूर येणार असल्याचा इशारा आला. दुपार होती, रस्ता कोरडा होता, ऊनही पडले होते. बाकीची घरे ‘चहा तिकडे’वर निघाली. आजी मात्र खुर्चीतून हलेनात. “पाणी कुठंय? उद्या बघू.” फोनवर मुलगा विनवत होता, “आई, प्लीज निघ ना.” त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मला एवढेच दिसत होते की उद्या या रस्त्यावरून गाडी जाणार नाही.

शैलाताई आल्या. पिवळे जाकीट काढले, हातपाय धुतले, देवघरासमोर बसल्या. घाई करा म्हणून एक शब्द नाही. थोड्या वेळाने हलकेच विचारले, “आजी, देवीला सांगायचं का?”

आजी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. मग मला म्हणाल्या, “बघत काय बसलास? अक्षता आण.”

ज्योतीवरून कंदील पेटवला. माझ्या गाडीत मागच्या सीटवर आजी आणि त्यांच्या शेजारी क्रेटमध्ये, सीटबेल्ट लावून, घट. पुढे शैलाताई, मांडीवर कंदील, पायाशी फायर एक्स्टिंग्विशर. मी आयुष्यात इतकी हळू गाडी चालवली नव्हती.

“हळू! वारा लागतोय ज्योतीला,” आजी मागून ओरडल्या.

“आजी, काचा बंद आहेत.”

“मग तू श्वास हळू घे.”

शैलाताई इतक्या हसल्या की कंदील हलला आणि दोघींनी मिळून मलाच झापले.

अंधार पडायच्या आत खालचा रस्ता पाण्याखाली गेला. आजींच्या खोलीत प्लगच्या वरपर्यंत पाणी चढले. सकाळी कॉलिनने त्या खोलीचा फोटो पाठवला, तो आजींनी पाहिला. मग उठून त्यांनी दिव्यात तेल घातले आणि सहावी माळ बांधली. दसऱ्यापर्यंत त्या आमच्याकडे होत्या. घटात धान्य हिरवेगार उगवले. आरतीला लेजर सेंटरवरून अख्खा रस्ता आला आणि आमच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये, लिफ्टमध्ये, जिन्यात माणसेच माणसे झाली. गर्दी पाहून शैलाताईंनी जिना मोकळा करायला लावला, हे सांगायला नकोच.

एक वैयक्तिक ऋण नोंदवायला हवे. व्हिसाच्या कामासाठी मला क्रॉयडनच्या सरकारी कचेरीत जायचे होते आणि छातीत धडधडत होते. त्या डबा घेऊन बरोबर आल्या. धीर वगैरे दिला नाही. आत शिरताच बाहेर पडायची दारे दाखवली, म्हणाल्या, “निकाल आपल्या हातात नाही. दार कुठंय ते माहीत असावं. आता थालीपीठ खा.” मी खाल्ले. धडधड खरोखरच कमी झाली. थालीपिठाने की दारांमुळे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

प्रमिलाआजी घर दुरुस्त करून पुन्हा तिथेच राहतात. लेखाच्या शेवटी शुभेच्छा काय लिहाव्यात, हे विचारायला मी त्यांच्याकडे गेलो, कारण शैलाताईंना आशीर्वाद देण्याइतक्या वडीलधाऱ्या आता आमच्यात त्याच उरल्या आहेत. आजींनी हात पुसले, जरा सरळ बसल्या आणि म्हणाल्या, “लिही. शैला, बाई, माझ्याएवढी म्हातारी हो. धडधाकट राहा. तुझे गुडघे शाबूत राहोत. आणि कधी तुला न्यायला कुणी आलं, तर तू हवा तेवढा हट्ट कर. तू माझं ऐकून घेतलंस, तसं तुझंही कुणीतरी शेजारी बसून ऐकून घेवो.”