आईचं कपाट

आळंदच्या आमच्या स्वैपाकघरात आईचं सागवानी कपाट होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. चुलीच्या धुरानं आणि तेलकट हातांनी ते पार काळवंडलं होतं. अक्काचं लग्न ठरलं तेव्हा मी चौदा वर्षांची. एक दिवस अक्का म्हणाली, "मी गेल्यावर हे घर तुलाच बघायचंय. कपाट तेवढं नीट करून घे. तुझ्याच हाताखाली राहणार हाय."

मी हरखले. शेजारच्या सुतारकाकांना विचारलं.

"लई पानी ओतू नको," ते म्हणाले. "आधी मळी काढ, वाळू दे, मग जवसाचं तेल लाव. लाकडाच्या रेषेनं घास, आडवं न्हाई."

मग रोज दुपारी रिठ्याच्या कोमट पाण्यात फडकं पिळून मी एकेक फळी पुसायची. कोपऱ्यांतली चिकट घाण काडीनं कोरून काढली. तेल चोळून चोळून बोटांची सालं निघाली. आठवड्याभरात आतला तांबूस रंग वर आला. आई असतानाही तो मी कधी पाहिला नव्हता. अक्का शेजारी बसून दारं पुसू लागायची. "किती झ्याक केलीस गं," म्हणायची.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी अक्काला न्यायला तिच्या सासरहून, करजगीहून, बैलगाडी आली. दोघा गड्यांनी कपाट उचललं. मला वाटलं, चुकून उचलायलेत. मी दारात आडवी झाले. "हे न्हाई न्यायचं!"

अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोयरिकीच्या वेळीच ठरलंय बाळ. अक्कानंच मागून घेतलं."

अक्का खाली बघत होती. "तसलं काळं कपाट नेलं असतं तर सासरी काय म्हणाले असते?" एवढंच बोलली.

तिला निरोप द्यायला मी बाहेर गेले नाही. कपाटामागचा भिंतीचा पांढरा चौकोन तेवढा उरला होता. त्याच्यासमोर मी डबे जमिनीवर मांडत बसले.

पुढं ती माहेरी यायची. मी तिला वाढायची, पण बोलायची नाही. हैदराबाद राज्य मोडलं त्या वर्षी माझं लग्न झालं. हळदीच्या दिवशी मी तिला विचारलंच, "तवा मला कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर घासलं असतंस का?"

"तुझ्यासाठी घासलं असतं, अक्का."

तिचे डोळे भरून आले. मी तिला जवळ घेतलं नाही.