उभं राहिलं की दुखायचं

ओमतीच्या बाजारात सुषमासाठी सैलसा सुती गाऊन घेत होते, टाक्यांना टोचू नये म्हणून, तेवढ्यात दिराचा फोन आला. "वहिनी, घरी या." एवढंच. मी महाराजपूरला घरी पोचेपर्यंत सुषमा, माझी धाकटी जाऊ, गेलेली होती... ऑपरेशनला नऊच दिवस झाले होते.

आता पाच आठवडे झाले. लोक तिच्या गोड स्वभावाबद्दल बोलतात. मला मात्र मी तिच्याशी कशी वागले तेच आठवतं, तर तेच लिहिते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिची उजवी कूस दुखू लागली. उभी राहिली की दुखायचं, आडवी झाली की थांबायचं. आता सांगा, ओट्यापाशी पोळ्या लाटत उभ्या असलेल्या बाईनं काय समजावं? "काहून गं, तुझं दुखणं बरोबर स्वयंपाकाच्याच वेळेला येते?" असं मी चारचौघांत विचारायची. सगळे हसायचे. तीही हसायची. तीनदा सोनोग्राफी झाली, तिन्ही वेळा झोपवून, तिन्ही वेळा नॉर्मल. तिसरा रिपोर्ट तर मीच सगळ्यांना वाचून दाखवला. अशी दहा वर्षं गेली.

मग एका नव्या डॉक्टरनं तिला उभं करून एक्स-रे काढला. किडनी चार बोटं खाली घसरलेली! झोपली की परत जागेवर. दुर्बिणीतून, तीन बारीक छिद्रांतून, ती वर टाके घालून बसवली. घरी आल्याबरोबर तिनं तो एक्स-रे माझ्या हातात दिला. "ताई, पाहा. मी खोटं नव्हते बोलत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी रोज थोडं चालवा म्हणून सांगितलं होतं. पण दहा वर्षं बिचारीला उभं ठेवलं, आता पडू दे, असं माझं चाललेलं. उठायला लागली की मीच परत झोपवायची.

पायात रक्ताची गाठ झाली, ती फुप्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले पाहुणे गेल्यावर दीर माझ्याजवळ येऊन बसला. दोन दिवसांपासून तिची पोटरी सुजली होती म्हणे. त्याला ती म्हणाली होती, "पाय दुखून राहिला. पण ताईंना सांगू नका, आत्ता कुठे त्यांचा विश्वास बसला." म्हणून तोही गप्प राहिला.

तिच्या पलंगावर पायथ्याशी एक चादर अजून तशीच आहे, जाड घडी करून उजव्या पायाखाली घेतलेली. मी रोज दोनदा चहा घेऊन त्या खोलीत जायची. ती चादर मला दिसली होती... विचारलं नाही.